सायकलने कामावर जाताय? तिरोडीचा रस्ता, नागपूरचा चौक आणि अपघातानंतरचे हक्क

पहाटेची पाळी असो, गोबरवाहीचा बाजार असो की तुमसरची गाडी पकडायची असो, तिरोडी-महकेपार-नाकाडोंगरीच्या पट्ट्यात आजही बरीच माणसं सायकल काढूनच घराबाहेर पडतात. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, थंडी असली तर कानाला गमछा. हीच माणसं किंवा त्यांची पोरं पुढे कामासाठी नागपुरात जातात, हिंगण्याच्या एमआयडीसीत, एखाद्या गोदामात नाहीतर बांधकामावर लागतात. तिथंही खोलीपासून कामापर्यंत पहिली गाडी सायकलच असते.

सायकलबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक व्यायामासाठी, पर्यावरणासाठी, रविवारच्या फेरीसाठी. हा लेख त्यासाठी नाही. ज्याला रोज वेळेवर पोचायचं आहे आणि संध्याकाळी धडधाकट घरी यायचं आहे, त्याच्यासाठी आहे. गावचा रस्ता आणि शहराचा रस्ता यांत फरक काय, धोका नेमका कुठं असतो, आणि सीमेच्या पलीकडे अपघात झाला तर दाद कुठं मागायची, हे यात सांगितलं आहे. शेवटचा भाग जरूर वाचा. घरातल्या माणसांनाही वाचून दाखवा.

सायकलवाले किती?

2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्या लोकांना विचारलं होतं, कामावर कशाने जाता? असे कामगार देशभरात साधारण 20 कोटी होते. त्यातले 2 कोटी 60 लाखांहून जास्त लोक सायकलने जात होते, म्हणजे दर शंभरात तेरा. त्या वेळी सायकलवाल्यांची संख्या मोटरसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा थोडी जास्तच निघाली. पायी जाणारे तर त्याहून अधिक. त्यानंतर दुचाक्या खूप वाढल्या हे खरं, पण सायकल संपली असं कोणी समजू नये. पहाटे पाच-साडेपाचला कोणत्याही कारखान्याच्या फाटकापाशी उभं राहून बघा.

दुसरा आकडा दुःखाचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली. त्यात 4,800 हून अधिक सायकलस्वार होते. म्हणजे रोज सरासरी तेरा. यातला कोणी वेगाने गाडी हाणत नव्हता. सायकलचा वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर. वेग दुसऱ्याचा असतो, जीव आपला जातो.

आपल्या मातीचं लोखंड

सायकल आणि तिरोडी यांचं एक नातं आहे, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पोलाद बनवायला मँगनीज लागतंच. ते पोलादाला बळकटी देतं, वितळलेल्या लोखंडातला नको असलेला ऑक्सिजन आणि गंधक बांधून ठेवतं. सायकलची नळी, चेन, आरे, छर्रे, सगळं पोलादाचं. तिरोडीची खाण, शेजारची चिखला, डोंगरी बुजुर्ग, या मॉयलच्या खाणी. 1962 साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात. काही खाणी मध्य प्रदेशात, काही महाराष्ट्रात, पण जमिनीखालचा मँगनीजचा पट्टा एकच. त्याला 1956 ची राज्य पुनर्रचना माहीत नाही.

डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं, ते कोरड्या सेलच्या उद्योगाला जातं. म्हणजे अंधारात सायकलच्या हँडलला धरलेल्या जुन्या टॉर्चच्या सेलमध्ये जो काळा भुगा असतो, तो याच जातीच्या खनिजाचा. आपल्या भागाने देशाला पोलाद दिलं, टॉर्चचा उजेडही दिला. मग त्याच भागातल्या कामगाराने अंधारात बिनदिव्याची सायकल चालवावी, हे काही बरं नाही. दिव्याचा मुद्दा पुढे येतोच.

गावचा रस्ता: धोका कडेला

गावाकडच्या रस्त्यावर गाड्या कमी, पण ज्या असतात त्या जड. खनिजाचे टिप्पर, रेतीचे ट्रॅक्टर, धानाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या. डांबर अरुंद असतं. समोरून आणि मागून एकाच वेळी मोठी गाडी आली की सायकलवाला साईडपट्टीवर उतरतो. खरा घोटाळा इथं होतो. डांबर आणि साईडपट्टी यांच्यात बऱ्याच ठिकाणी चार बोटं, कुठं कुठं वीतभर पायरी पडलेली असते. उतरताना काही होत नाही. वर चढताना चाक त्या पायरीला घासतं, हँडल सटकतं आणि माणूस डांबराच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या बाजूलाच पडतो.

उपाय साधा आहे. एकदा खाली उतरलात तर घाईने तिरकं वर चढायचं नाही. वेग कमी करा, गाडी जाऊ द्या, मग पुढचं चाक पायरीला शक्य तितकं आडवं धरून वर घ्या. नाहीच जमलं तर उतरून सायकल उचलून वर ठेवा. अर्ध्या मिनिटाने पाळी चुकत नाही.

दुसरी गोष्ट, डाव्या बाजूनेच चाला. गावाकडे बरेच जण उजव्या बाजूने जातात. म्हणतात, "समोरची गाडी दिसते ना, मागून येणारी दिसत नाही." ऐकायला पटतं, पण हिशेब उलटा आहे. तुमचा वेग 15, मोटरसायकलचा 40. एकाच दिशेने जाताना ती तुमच्याकडे 25 च्या वेगाने येते. समोरासमोर असाल तर 55 च्या वेगाने. सावरायला वेळ निम्म्याहून कमी उरतो आणि धडक लागली तर मारही कितीतरी जास्त बसतो. पायी चालणाऱ्याने समोरची वाहनं दिसतील असं उजवीकडून चालावं, सायकलवाल्याने नाही.

शहराचा रस्ता: धोका चौकात

गावाहून नागपुरात आलेला माणूस पहिले काही दिवस गाड्यांच्या गर्दीला घाबरतो. पण शहरात गर्दीच्या वेळी गाड्या हळूच चालतात. तिथं जीव घेणाऱ्या जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा म्हणजे डावं वळण. सिग्नलला ट्रक किंवा बस उभी असते. तिच्या डावीकडे फटीत जागा दिसते, म्हणून सायकल पुढे घातली जाते. ड्रायव्हर उजवीकडे उंच बसलेला असतो. त्याच्या डाव्या अंगाला, केबिनच्या खाली, त्याला दिसतच नाही असा एक पट्टा असतो. हिरवा दिवा लागला आणि ट्रक डावीकडे वळला की त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, ती आतून, कडेला घासून येतात. त्या फटीतला सायकलवाला चाकाखाली जातो. लांब गाडीच्या डावीकडे कधीच थांबू नका. मागे थांबा, किंवा पूर्ण पुढे जाऊन ड्रायव्हरला दिसाल असे उभे राहा.

दुसरी जागा म्हणजे उभ्या गाड्यांची रांग. बाजाराच्या रस्त्यावर कडेला कारची रांग लागलेली असते. आपण तिला घासून जातो आणि कोणीतरी मागे न बघता दार उघडतं. दार साधारण मीटरभर उघडतं. तेव्हा तेवढं अंतर ठेवूनच चाला. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या.

तिसरी जागा उड्डाणपूल. नागपुरात पुलांची कमी नाही. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, मधे पूल, वर मेट्रो असा तीन मजली प्रकार आहे. तो पूल 3.14 किलोमीटर लांब. चढावर सायकलचा वेग ताशी सात-आठवर येतो आणि मागून गाड्या साठ-सत्तरने येत असतात. कडेला सरकायला जागा नसते. पुलाखालच्या रस्त्याला सिग्नल लागतात, पाच-सात मिनिटं जास्त जातात, तरी सायकलने खालूनच जावं.

चौथी जागा रात्रीची. दुसरी पाळी सुटते तेव्हा रस्ते मोकळे असतात, म्हणून गाड्या जोरात असतात. पुण्यात जुन्या काळी दिवा नसलेला सायकलवाला पोलिसाला घाबरायचा, चाकातली हवा सोडून घरापर्यंत पायी पाठवत असत असं जुने लोक सांगतात. आज कोणी विचारत नाही, म्हणून दिवे गेले. केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जाबद्दल 2020 मध्ये आदेश काढला, त्यामुळे नव्या सायकलींना बरे रिफ्लेक्टर येऊ लागले. जुन्या सायकलला शंभर-दीडशे रुपयांत मागचा लाल लुकलुकणारा दिवा बसतो. तेही नसेल तर मागच्या मडगार्डला चमकणारी पट्टी चिकटवा आणि आरांमध्ये एक-दोन रिफ्लेक्टर अडकवा. गडद शर्टावर खाणीतलं किंवा रस्त्याच्या कामावरचं पट्ट्याचं जॅकेट घातलं तर ड्रायव्हरला तुम्ही कितीतरी आधी दिसता.

सायकल ठेवायची कुठं?

रोजचा अपमान इथं असतो. दुकान, बँक, मोठं हॉस्पिटल, सरकारी इमारत, कुठंही जा, चौकीदार म्हणतो, "इथं नको लावू भाऊ, गाड्यांची जागा आहे." जणू सायकल गाडीच नाही. कायद्याने ती मोटार वाहन नाही, म्हणून तिला लायसन्स लागत नाही, नंबर लागत नाही, विमा लागत नाही. रस्त्यावरून जाण्याचा हक्क मात्र इतर कोणाइतकाच आहे. उलट, फुटपाथवरून किंवा सायकल ट्रॅकवरून मोटार नेण्याला वाहतुकीच्या नियमांत मनाई आहे.

चोरीपासून सांभाळायचं तर चेन-कुलूप फ्रेममधून आणि मागच्या चाकातून घेऊन खांबाला बांधा. नुसत्या चाकाला लावलं तर चोर चाक ठेवून बाकीची सायकल नेतो. फ्रेमवर कोरलेला नंबर असतो, बहुतेक सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या धुरीपाशी. त्याचा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सायकल चोरीला गेल्यावर पोलिसांकडे सांगायला तोच एक धड पुरावा असतो.

खोली आणि काम यांत अंतर जास्त असेल तर एक सोय आहे. महामेट्रोने नागपुरात प्रवाशांना डब्यात सायकल नेण्याची मुभा दिली आहे. लोकमान्य नगर हे स्टेशन हिंगण्याच्या बाजूला, खापरी वर्धा रोडच्या टोकाला. अर्धं अंतर मेट्रोने आणि दोन्ही टोकांना सायकल, असं करता आलं तर उन्हाळ्यात जीव वाचतो.

पुण्याचा धडा

सायकलचं शहर म्हटलं की मराठी माणूस पुण्याचं नाव घेतो. एके काळी ते खरंही होतं. कारकून, प्राध्यापक, कॉलेजच्या मुली, दूधवाले, सगळे सायकलवर. सायकलला नगरपालिकेचा कर असे आणि बिल्ला लावावा लागे. 1972 मध्ये लूना आली, बजाजच्या स्कूटर होत्याच. बघता बघता सायकलचं शहर दुचाक्यांचं शहर झालं.

मग सायकल परत आणायचे प्रयत्न झाले. 2006 नंतर बीआरटीच्या रस्त्यांवर सायकल ट्रॅक बांधले. 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशे किलोमीटरहून जास्त मार्गांचा विचार होता. त्याच सुमाराला मोबाइल ॲपने उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या, काही वर्षांतच बहुतेक दिसेनाशा झाल्या.

का जमलं नाही? ट्रॅक तुकड्यातुकड्यांत होते. एक किलोमीटर छान गुळगुळीत, मग मधेच विजेचा खांब, पुढे चहाची टपरी, त्यापुढे उभी मोटार आणि चौक आला की ट्रॅक गायब. म्हणजे धोका जिथं सर्वात जास्त, नेमकी तिथंच सोय नाही. अर्धवट ट्रॅकवरून चढ-उतर करत जाण्यापेक्षा सायकलवाला रस्त्यावरूनच जातो. मग लोक म्हणतात, ट्रॅक बांधले तरी कोणी वापरत नाही.

भाड्याच्या सायकलींचंही तसंच. त्यांना स्मार्टफोन, ॲप, ऑनलाइन पैसे लागत. त्या आयटी कंपनीतल्या आणि कॉलेजातल्या मुलांसाठी होत्या. सकाळी सहाला कामावर जाणाऱ्या मोलकरणीला किंवा पहारेकऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. त्यांच्याकडे आधीच स्वतःची सायकल होती. त्यांना हवी होती ती बिनखड्ड्याची दोन मीटर कड आणि सायकल लावायला एक दांडी.

केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत 2020 मध्ये सायकलींसाठी शहरांची स्पर्धा झाली, तिच्यात पहिल्या अकरा शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड निवडली गेली. चांगली गोष्ट आहे. पण शहरातला ट्रॅक कामाचा की शोभेचा, हे ओळखायची एकच परीक्षा आहे. तो कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि कामगारांच्या वस्तीपर्यंत जातो का, की तलावाभोवती फिरून परत येतो?

ऊन, पाऊस, थंडी

नागपूर-बालाघाटच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. सायकल चालत असते तोवर अंगाला वारा लागतो, घाम सुकतो. त्रास होतो तो थांबल्यावर, सिग्नलला. नागपुरात उन्हाळ्यात काही सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावतात, त्या थांबलेल्या माणसासाठीच. पाळी आपल्या हातात नसते, पण निघण्याआधी पोटभर पाणी, सोबत बाटली, डोक्याला ओला गमछा आणि मीठ-साखरेचं पाणी एवढं जमतं. डोकं गरगरलं, घाम यायचा थांबला, मळमळलं तर "आलंच आता" म्हणून पायडल मारत राहू नका. सावली गाठा, अंगावर पाणी घ्या.

पावसाळ्यात ब्रेक दगा देतात. सळईच्या ब्रेकची साधी सायकल असेल तर पोलादी रिम ओली झाली की रबर घसरतं, सायकल थांबायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. उतार यायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या, मग जोर द्या. रेल्वे फाटकावर रूळ सरळ काटकोनात ओलांडा. तिरपं गेलं की चाक रुळाच्या खाचेत बसतं. तुमसर-तिरोडी मार्गावरच्या फाटकांवर हे रोजच्यांना ठाऊकच आहे, पण पाहुण्या माणसाला सांगा.

खाणीच्या आसपासची बारीक धूळ तेलात मिसळली की चेन सानेवर घासल्यासारखी झिजते. तेल ओतत राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चेन फडक्याने कोरडी पुसा, मग थेंब थेंब तेल द्या. हवा आठवड्यातून एकदा भरा. बरीच पंक्चर काट्याने होत नाहीत, कमी हवेच्या टायरची ट्यूब खड्ड्यात रिमवर चेपली जाऊन होतात.

पैशाचा हिशेब

कामाचं ठिकाण दहा किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन वीस. मोटरसायकल लिटरला 55 देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर दिवसाला 38 रुपये, महिन्याच्या 26 दिवसांचे जवळपास हजार. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. साधी नवी सायकल पाच-सहा हजारांत येते, म्हणजे नुसत्या पेट्रोलच्या बचतीत सहा महिन्यांत फिटते.

पण सायकलला मर्यादा आहे, ती मान्य केली पाहिजे. पाच किलोमीटर वीस-पंचवीस मिनिटांत होतात, पायी तासभर लागला असता. दहापर्यंत ठीक. बुटीबोरीसारखं लांबचं काम असेल तर आठ-दहा तास उभं राहिल्यावर परत पंचवीस किलोमीटर पायडल मारणं शरीराला परवडत नाही. तेव्हा शक्य असेल तर खोली कामाजवळ घ्या. भाडं थोडं जास्त पडलं तरी हिशेबात बसतं.

शाळेची सायकल: सीमेवर दोन नियम

कामावर जाणाऱ्याची सायकल बहुधा शाळेतच सुरू झालेली असते. इथं सीमेच्या दोन बाजूंना दोन नियम आहेत. मध्य प्रदेशात सरकारी शाळेत सहावी आणि नववीला प्रवेश घेणाऱ्या, आणि गावात शाळा नसल्याने दोन किलोमीटरहून दूर दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुला-मुलींना सायकल मिळते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. ही रक्कम 2022 मध्ये 3,500 वरून 5,000 रुपये झाली. तिकडे मुलांनाही, इकडे फक्त मुलींना. तिकडे सायकल, इकडे खात्यात पैसे. प्रत्येक योजना आपापल्या राज्यातल्या शाळेशी बांधलेली आहे. सीमेपलीकडच्या शाळेत नाव घालण्याआधी मुख्याध्यापकांना हे विचारून घ्या.

या सायकलीने किती फरक पडतो? बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी बिहारची तुलना शेजारच्या झारखंडशी केली. बिहारमध्ये माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली. फायदा सर्वात जास्त झाला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत.

अपघात झाला तर

आता सर्वात महत्त्वाचं. सायकलवाल्याच्या घरी एक समज असतो. "आपल्याकडे ना लायसन्स ना विमा, आपल्याला काय मिळणार?" हा समज चुकीचा आहे. विमा धडक देणाऱ्या गाडीचा असतो आणि तो तुमच्यासाठीच असतो.

उपचार: 108 किंवा 112 ला फोन करा, दोन्ही राज्यांत चालतात. 2025 पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. मदत करून दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने तसं कलमच घातलं आहे.

पोलीस नोंद: किरकोळ वाटलं तरी नोंद करा. गाडीचा नंबर, जागेचा फोटो, पाहणाऱ्याचा फोन. "पाच हजार घे आणि मिटव" या बोलीवर रस्त्यातच सही करू नका. आतला मार दोन दिवसांनी कळतो.

दावा कुठं करायचा: सीमेवरच्या लोकांना हे माहीत असलंच पाहिजे. तिरोडीचा माणूस नागपुरात गाडीखाली आला तर दाव्यासाठी नागपूरला खेटे घालायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे अपघात झाला तिथं, किंवा दावा करणारा राहतो किंवा व्यवसाय करतो तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. निवड तुमची. म्हणजे बालाघाट जिल्ह्यातही चालतो. तुमसरचा माणूस कटंगीजवळ जखमी झाला तर तो भंडाऱ्यात दावा लावू शकतो.

मुदत: कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. शेतीचा हंगाम आटोपल्यावर बघू, असं करू नका.

चूक कोणाची हे सिद्ध होत नसेल तर: कलम 164 प्रमाणे चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये गाडीमालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मागता येतात. कलम 166 खाली रक्कम जास्त मिळू शकते, पण निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कोणता मार्ग घ्यायचा ते वकिलाला विचारून ठरवा.

गाडी पळून गेली तर: कलम 161 खालच्या योजनेत मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये आहेत. इथं नियम वेगळा आहे. अर्ज अपघात जिथं झाला तिथल्या उपविभागाच्या किंवा तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावा लागतो. म्हणजे अपघात तुमसर तालुक्यात झाला तर तुमसरलाच.

कामाला जाता-येता झाला तर: ईएसआय कायद्यात 2010 पासून घर ते काम या वाटेवरचा अपघात कामाशी जोडलेला धरतात, मात्र वेळ, ठिकाण आणि काम यांचा संबंध दिसला पाहिजे. 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात हेच तत्त्व कर्मचारी भरपाई कायद्यालाही लावलं. तो पहाटेच्या पाळीला निघाला होता आणि कारखान्यापासून काही किलोमीटरवर त्याचा अपघात झाला. मृत्यू 2003 चा, निकाल बावीस वर्षांनी. कुटुंब लढत राहिलं म्हणून आज इतरांना वाट मिळाली. तेव्हा हजेरीचं कार्ड, पगाराची पावती, पाळीचा कागद जपून ठेवा. ठेकेदाराकडे काम करत असाल तर जास्तच जपा.

वकिलाला पैसे नसतील तर: जिल्हा आणि तालुका विधी सेवा संस्थांकडून महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. देशभराचा फोन नंबर 15100.

मागायचं काय, कोणाकडे?

सायकलवाल्याला मोठं काही लागत नाही. साईडपट्टी डांबराच्या बरोबरीने भरलेली असावी. वळणावर, फाटकावर, खाणीच्या तोंडाशी दिवा असावा. स्टेशन, बसस्थानक, बाजार आणि दवाखान्यासमोर सायकल बांधायला लोखंडी दांडी असावी. यातलं एकही काम कोट्यवधीचं नाही.

सीमेवर अडचण अशी की एकाच रस्त्याचा अलीकडचा तुकडा एका राज्याचा, पलीकडचा दुसऱ्याचा, आणि तक्रार घेऊन गेलं की "हा भाग आमचा नाही" असं ऐकावं लागतं. म्हणून तक्रारीत किलोमीटरचा दगड, जवळचं गाव, ग्रामपंचायत आणि खड्ड्याचा फोटो टाका. मध्य प्रदेशच्या हद्दीत असेल तर सीएम हेल्पलाइन 181, महाराष्ट्रात असेल तर आपले सरकार पोर्टल. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर कडेच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि पाच वर्षांच्या देखभालीची मुदत लिहिलेली असते. ती संपायच्या आत अर्ज करा. ग्रामसभेत ठराव करून जोडला तर अर्जाला वजन येतं. आणि तक्रार नंबर मिळाला की तो लिहून ठेवा, कारण दुसऱ्यांदा विचारायला जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो.